एकेचाळीस टक्के सन्मती

"उप्पीट गार व्हायला लागलंय, आधी खाऊन घ्या," आक्का म्हणाल्या. पण आण्णांनी बशी बाजूला सारली आणि चष्मा पुसून टीव्हीकडे बघितलं. टीव्हीवर मोठं रंगीत चक्र उमटलं होतं.

महिन्यातला पहिला रविवार होता. त्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, भगवंताचं दर्शन घेऊन आले की माझे सासरे, म्हणजे आण्णा, घरातल्या सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवत. मोबाइलवरचं हिशेबाचं अ‍ॅप टीव्हीवर लावत आणि गेल्या महिन्याचा घरखर्च मांडत. पतसंस्थेतून मुख्य हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले, तरी त्यांची सभा काही सुटली नव्हती. संचालक मंडळाच्या जागी आता आम्ही होतो. आक्का, माझा नवरा अभिनंदन, मी, आणि माझ्या मांडीवर बसून उप्पीट केसांना चोपडणारी आमची दहा महिन्यांची चंदना.

"घराचा हप्ता," आण्णांनी वाचायला सुरुवात केली. "विमा. पेट्रोल. लाइट बिल. आणि..." इथं ते दर वेळी थांबत. चष्म्यावरून माझ्याकडे बघत. "सन्मती. एकेचाळीस टक्के. वाढलीस गं पोरी."

अभिनंदन हसला. आक्का पदराआड हसल्या. चक्राचा जवळजवळ अर्धा भाग गुलाबी होता आणि त्यावर माझं नाव होतं. दर महिन्याला असायचं. मीही दर महिन्याला हसायची. आण्णा मायाळू माणूस. चंदनाच्या वेळी माझे पाय सुजले तेव्हा गरम पाण्याची बादली स्वतः उचलून आणून ठेवणारे. त्यांच्या थट्टेला राग कसला धरायचा?

त्या रविवारी मात्र मला हसू आलं नाही, कारण माझ्या मनात दुसरंच काहीतरी घोळत होतं.

"आण्णा, एक सांगायचं होतं. डेअरीतनं फोन आला होता. माझ्या जागेवर घेतलेल्या मुलीचं लग्न ठरलंय, ती सोडून चाललीय. एक जूनपासून येता का म्हणून विचारलंय. पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय."

जयसिंगपूरच्या बाहेर, शिरोळच्या रस्त्याला एक खासगी डेअरी होती. तिच्या लॅबमध्ये मी लग्नाआधीपासून दूध तपासायचं काम करत होते. चंदनाच्या वेळी आठवा लागला आणि सोडलं. पुन्हा बोलावतील असं वाटलं नव्हतं.

"पोरीला कोण बघणार?" आण्णांनी विचारलं.

"मला विचारू नका बाई," आक्का लगेच म्हणाल्या. "तीन पोरं वाढवली. आता गुडघे माझं ऐकत नाहीत." त्या हे आधीच माझ्याशी बोलल्या होत्या. त्यांच्या सरळपणाचा मला कधी राग आला नाही.

"कोपऱ्यावर कुंभारबाईंचं पाळणाघर आहे. मी जाऊन बघून आलेय. मोजकीच मुलं घेतात, स्वच्छ आहे."

आण्णांनी रिमोट उचलला आणि त्याच्या टोकानं गुलाबी भाग दाखवला. "हे बघ. रागावून सांगत नाही. तुझ्यावर आधीच एवढा खर्च होतोय. त्यात पाळणाघर घाल. रोजचं जाणं-येणं घाल. तुझा पगार त्यातच जिरला, मग घराला काय राहिलं? पोर बिचारी उगाच परक्याच्या घरी."

"माझ्यावर?"

"नाव तुझंच आहे की तिथं."

मी अभिनंदनकडे बघितलं. तो चंदनाच्या केसांतला रवा काढत होता. "बघू की सावकाश," तो म्हणाला. आमच्या घरात 'बघू की' म्हटलं की विषय मिटला, असं सगळ्यांनी धरून चालायचं.

दुपारी चंदनाला खांद्यावर टाकून मी खोलीत येरझाऱ्या घालत होते. अभिनंदन आडवा झाला होता. हिशेबाचं अ‍ॅप त्याच्याही फोनवर होतं. तो फोन टिंग वाजला. त्यानं बघितलं आणि पोट धरून हसायला लागला.

"हे वाच. आता अ‍ॅपलाही पटलंय."

मी वाचलं. 'सन्मती या विभागातील खर्च ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला आहे. हा खर्च कमी करता येईल का, याचा विचार करा.' खाली एक हसरा चेहरा होता.

"मला कमी करायला सांगतंय ते."

"तुला कशाला? खर्चाला."

"नाव कुणाचं आहे, अभी?" खोलीत मी त्याला अभी म्हणायची. पुढच्या खोलीत गेलं की 'अहो'.

त्याचं हसू ओसरलं. "अगं, मशीन आहे ते. त्याला काय कळतंय."

"मशीनला सांगितलं कुणी?"

"आण्णांनी. मी तुझ्या खात्यावर पैसे पाठवतो, आण्णा त्यापुढं तुझं नाव घालतात. दुसरं काय घालणार?"

"त्या पैशांचं मी काय करते?"

"घरचंच काहीतरी."

"मग 'घर' का नाही लिहिलं?"

ह्यावर तो उठून बसला. स्वभावानं तो वाईट नव्हता. औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी, आठवड्यातले चार दिवस मोटरसायकलवर. घरात काय येतं आणि कुठून येतं ह्याचा विचार करायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. त्यानं अ‍ॅप उघडून उलटसुलट करून बघितलं. अ‍ॅपचा कायदा सोपा होता: पैसे खात्यातून गेले की खर्च झाले. ज्याच्याकडे गेले त्याचं नाव खर्चाला. घरातल्या दुसऱ्या माणसाचं खातं त्यात जोडायचं तर वरची पायरी घ्यावी लागत होती, आणि तिची वर्षाची वर्गणी होती.

"भरू की," तो म्हणाला. "फार नाहीत."

"नाही."

"अगं, तुझ्यासाठीच..."

"माझं नाव खर्चातनं काढायला मी कुणाला पैसे देणार नाही. आणि तूही द्यायचे नाहीस."

चंदना खांद्यावर दचकली. मी आवाज खाली आणला. राग मात्र तसाच राहिला.

डेअरीचे आमचे साहेब कमालीचे चिक्कू. लॅबच्या संगणकावर विकत घेतलेली एकही गोष्ट नव्हती. तक्ते, आलेख, नोंदी, सगळं मुक्त प्रकारचं. म्हणजे जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेलं, कुणीही घ्यावं, उघडून आतला कारभार बघावा, हवं तर दुरुस्त करावा असं. साहेबांच्या चिक्कूपणाला मी मनातून हात जोडले, कारण त्यामुळेच अशा गोष्टींची माझी भीड चेपली होती. घरच्या हिशेबासाठीही तसं काहीतरी असणार, अशी खात्री होती. शोधलं तर मिळालं.

अभिनंदनचा जुना लॅपटॉप माळ्यावर होता. त्याची एक कळ निखळली होती, पंखा घरघरायचा. दुपारी चंदना झोळीत गेली की मी झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि भिंतीला टेकून लॅपटॉप मांडीवर घ्यायची. पाय हलत राहायचा, हात चालत राहायचे. पंख्याची घरघर तिला बहुधा आवडत असावी, कारण लॅपटॉप बंद केला की ती जागी व्हायची.

हा प्रोग्रॅम अ‍ॅपसारखा गोडगोड बोलत नव्हता. रंगीत चक्र नाही, हसरा चेहरा नाही. प्रत्येक नोंदीला तो दोन प्रश्न विचारायचा: पैसे कुठून निघाले आणि कुठं पोचले? दोन्हींची उत्तरं दिल्याशिवाय पुढं सरकू द्यायचा नाही. आधी खाती उघडावी लागली. अभिनंदनचं बँकखातं उघडलं. आण्णांच्या ठेवीच्या व्याजाचं उघडलं. मग खर्चाच्या यादीत गेले, हप्ता लिहिला, विमा लिहिला, पेट्रोल लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, 'सन्मती'.

लिहून झाल्यावर मी त्या अक्षरांकडे बघत राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. माझाच हात, माझ्याच नावावर, आपसूक तिकडे गेला होता.

झोळीत चंदनानं झोपेत ओठ चोखले. मी ते नाव पुसलं.

मग 'मालमत्ता' नावाच्या पहिल्या पानावर गेले, जिथं पैसे 'असतात' ती खाती होती, आणि अभिनंदनच्या बँकखात्याखाली माझं बँकखातं उघडलं. मग अभिनंदनकडून माझ्याकडे आलेले पैसे नोंदवले. कुठून निघाले? ह्या खात्यातून. कुठं पोचले? त्या खात्यात. खर्चाच्या पानावर एक रुपयाही उमटला नाही. घरातले पैसे घरातच होते.

संध्याकाळी अभिनंदननं खांद्यावरून डोकावून बघितलं. "मालमत्ता? म्हणजे तू माझी मालमत्ता?"

"मी नाही. माझ्या हातात असलेले पैसे. आणि ते तुझे नाहीत, घराचे आहेत."

"आण्णांना सांगितलंस?"

"रविवारी सांगणार."

"पहिला रविवार तर झाला."

"मग दुसऱ्याला सांगणार."

काम सोपं नव्हतं. माझ्या खात्यातून पुढं पैसे कुठं गेले, तेही लिहायचं होतं. फोनवरचे मेसेज होते, काही आठवत होतं, उरलेलं आक्कांना आठवत होतं. दुपारी त्या गवारीच्या शेंगा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसायच्या. पहिल्या दिवशी नुसत्या बघत होत्या. दुसऱ्या दिवशी बोलायला लागल्या.

"काय शोधतीस गं?"

"मागल्या महिन्यात कापडाच्या दुकानात पैसे दिलेत. कशाला दिले आठवेना."

"इचलकरंजीच्या लग्नाचा आहेर. ह्यांच्या आतेभावाच्या पोरीचं. तू निळं पातळ घेतलंस."

"बरोबर. आणि औषधाच्या दुकानात?"

"ह्यांच्या बीपीच्या गोळ्या. आणि चंदूचं सर्दीचं."

मी लिहीत गेले. दूध. गॅस. भाजी. तांदूळ. आहेर. गोळ्या. अभिनंदनचे दोन शर्ट. दरवाजाची कडी. माझ्या स्वतःसाठी त्या महिन्यात एक चप्पल निघाली, तीही जुनीचा अंगठा तुटला म्हणून.

आक्कांनी एक शेंग मोडली. "आमच्या वेळी ह्यांची डायरी असायची. पहिल्या तारखेला लिहायचे, 'घरी दिले'. दर महिन्याला तेच. मी एकदा विचारलं, घरी म्हणजे नक्की कुणाला दिले ओ? तर म्हणाले, तुलाच की. म्हटलं, मग माझं नाव लिहा. तर म्हणाले, घरच्या बाईचं नाव डायरीत कशाला." त्यांनी शेंगेचा दोर ओढून बाजूला टाकला. "सुनेचं नाव आलं बघ. सुधारले म्हणायचे."

मी हसले आणि त्याही हसल्या.

शनिवारी रात्रीचं जेवण, म्हणजे आमच्याकडे दिवस मावळायच्या आतलं, आटोपलं तेव्हा अभिनंदननं हळूच विचारलं, "डेअरीला काय कळवणारेस? परवा सोमवार."

"बघू की," मी म्हणाले.

रविवारी सकाळी आण्णा बस्तीतून आले तेव्हा मी लॅपटॉपची तार टीव्हीला जोडत होते.

"आज काय? आज दुसरा रविवार."

"आजची सभा मी बोलावलीय, आण्णा."

त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. चेहरा जरा कोड्यात पडल्यासारखा झाला, पण बसले. आक्का बसल्या. अभिनंदन चंदनाला घेऊन दारापाशी उभा राहिला, पटकन निसटता यावं अशा बेतानं.

"मी हिशेब दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घेतलाय. मागचे चार महिने घातलेत. ते अ‍ॅप बंद करूया."

"त्याला काय झालं? चांगलं चक्र येत होतं."

"माझं खातं जोडायचं तर ते वर्गणी मागतंय. हा फुकट आहे."

आण्णा ताठ झाले. उभी हयात दुसऱ्यांचे पैसे सांभाळण्यात गेलेला माणूस. "फुकट? फुकट देणाऱ्याचा काय फायदा? आज फुकट, उद्या मानगुटीवर बसणार."

"आण्णा, बस्तीत पंचकल्याणक पूजा झाली तेव्हा पंगतीत कोण वाढत होतं?"

"आपलीच माणसं."

"त्यांचा काय फायदा?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"हा प्रोग्रॅमही तसाच चालतो. ज्याला येतं तो वाढतो. स्वयंपाकघराचं दार उघडं आहे, कुणीही आत जाऊन भांड्यात काय शिजतंय बघू शकतं. त्या अ‍ॅपमध्ये आपण फक्त पत्रावळीवर बसायचो. भांडं कुणी दाखवलं नाही."

"आणि आपली माहिती? जाते कुठं?"

"कुठंच नाही. ह्या लॅपटॉपात राहते. त्या अ‍ॅपला आपले सगळे मेसेज दिसायचे. चंदूचा जन्म व्हायच्या आधी लंगोटांच्या जाहिराती यायला लागल्या होत्या, आठवतंय?"

आक्का म्हणाल्या, "होय की! मी म्हटलं होतं, ह्याला कुणी सांगितलं म्हणून."

आण्णा पडद्याकडे बघू लागले. चक्र नव्हतं, साधी यादी होती, आणि त्यांना यादी वाचायची सवय होती. डोळे भराभर खाली सरकले. हप्ता, विमा, पेट्रोल, दूध, किराणा, आहेर, औषधं. शेवटपर्यंत जाऊन ते पुन्हा वर आले.

"तू कुठं आहेस ह्यात?"

"मी नाही खर्चात."

"असं कसं? पैसे तर घेतलेस. दर महिन्याला घेतेस."

"आण्णा, एक विचारू? तुमच्या संस्थेत मुख्य कचेरीतनं कुरुंदवाडच्या शाखेला रोकड जायची. ती तुम्ही खर्चात लिहायचा?"

"खुळी काय? खर्चात कशी लिहीन? शाखा संस्थेचीच. रोकड इथून उठून तिथं गेली, एवढंच. शाखेनं पुढं लाइट बिल भरलं, पगार दिला, तर तो खर्च." त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला. हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. "एका नवशिक्या कारकुनानं एकदा लिहिलं होतं तसं. शाखा खर्चात दाखवली. मी सगळ्यांसमोर त्याला..."

आणि ते थांबले.

अभिनंदन चंदनाच्या पायातला वाळा फिरवत उभा होता. आण्णांनी चष्मा काढला, मांडीवर ठेवला, परत घातला.

"म्हणजे मी आजवर चुकीचं लिहिलं, असं म्हणायचंय तुला?"

"घरचं, होय."

"घर म्हणजे संस्था नव्हे."

"नव्हे ना," आक्का म्हणाल्या. "संस्था असती तर तुम्ही वर्षातून एकदा तपासणीला तरी आला असता. कुरुंदवाडच्या शाखेला जायचा की, डबा घेऊन. इथं स्वयंपाकघरात काय चाललंय कधी बघितलंय?"

अभिनंदनला हसू आवरेना. आण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चंदनाच्या मानेत तोंड लपवून उभा राहिला.

पण आण्णा हाडाचे हिशेबनीस होते. एकदा बरोबर ते दिसलं की चुकीकडे पाठ फिरवून बसणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी मला यादी वरखाली करायला लावली. दूध विचारलं, गोळ्या विचारल्या. "ह्या माझ्या?" "तुमच्या." मान हलवली. मग पाळणाघराची फी विचारली, जाण्यायेण्याचं विचारलं, माझा पगार विचारला. ओठांत पुटपुटत बेरजा केल्या. शेवटी पाठ टेकून दीर्घ श्वास घेतला.

"बरं. ह्या हिशेबानं परवडतंय. घराला चार पैसे उरतायत. माझी हरकत नाही. जा तू कामाला. उद्या कळवून टाक."

त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. त्यात मोठेपणा होता, तो मी नाकारत नाही. आक्कांनी डोळ्यांनी मला खूण केली, पाया पड आता. अभिनंदननं सुटकेचा श्वास सोडला. सगळं किती छान जमून आलं होतं. मी वाकायचं, त्यांनी डोक्यावर हात ठेवायचा आणि चहा टाकायचा.

मी वाकले नाही.

"आण्णा, मी शुक्रवारीच कळवलंय."

"काय कळवलंस?"

"येते म्हणून. शुक्रवारी दुपारी."

"पण आपलं ठरलं आत्ता. मी हो म्हटलं आत्ता."

"होय."

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

"तरी गेले असते."

"परवडलं नसतं तर?"

"तर बसून बघितलं असतं, काय कमी करायचं. पेट्रोल कमी केलं असतं, आहेर कमी केले असते. माझा पगार आला असता तोही मांडला असता. पण परवडत नाही म्हणून सन्मतीला कमी करा, हे मी ऐकून घेतलं नसतं."

"मग हा सगळा उपद्व्याप कशाला केलास? आम्हाला बसवून, ही तार जोडून?"

"कारण हिशेब चुकला होता, आण्णा. तो तुमचाही आहे, माझाही आहे, म्हणून दुरुस्त केला. नोकरीची परवानगी मागायला नाही केला."

लग्न होऊन आल्यापासून मी त्या खोलीत इतकं बोलले नव्हते. चंदनानं माझ्याकडे झेप घेतली आणि अभिनंदननं तिला माझ्या हातात दिलं. मग, मला अपेक्षा नव्हती, तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. दार सोडून आत आला.

आण्णा उठले. टोपी घातली आणि बाहेर पडले. दुपारी जेवायला आले नाहीत. आले तेव्हा आक्कांनी ताट वाढलं आणि त्यांनी भिंतीकडे बघत जेवण केलं.

त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. 'तिला सांग', 'तिला विचार', असं आक्कांच्या मार्फत चालायचं. अ‍ॅप मात्र त्यांनी स्वतः फोनवरून काढून टाकलं आणि लॅपटॉपवर दोन बोटांनी टकटक करत त्या प्रोग्रॅममध्ये नोंदी करायला लागले.

एक जूनला सकाळी मी निघाले तेव्हा ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. चंदनानं माझ्या कडेवरून त्यांच्याकडे हात केला आणि 'आ, आ' म्हणाली. पेपर खाली आला नाही.

पाळणाघराच्या दारात ती रडली. रडणार हे मला माहीत होतं, पण तिची बोटं माझ्या ओढणीत इतकी घट्ट अडकतील हे माहीत नव्हतं. कुंभारबाईंनी एकेक बोट सोडवलं. "तुम्ही जावा ताई. तुम्ही उभ्या राहिला तर ती थांबायची नाही." मी गेले. रिक्षात बसेपर्यंत तो आवाज येत होता, आणि नंतरही येत होता.

लॅबमध्ये काहीच बदललं नव्हतं. तोच फरशीवर सांडलेल्या दुधाचा आंबूस वास, तीच नमुन्याच्या बाटल्यांची रांग, गावागावच्या संकलन केंद्रांच्या चिठ्ठ्या लावलेली. माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात कुणीतरी एक पेन विसरलं होतं. पहिल्या काही बाटल्यांना हात अडखळला. मग आठवलं. दूध हलवायचं, मोजून घ्यायचं, यंत्राला लावायचं, फॅट वाचायचं, लिहायचं, पुढची बाटली.

अकराच्या सुमारास, चंदनाला मी रोज पाजते त्या वेळेला, मला पान्हा फुटला. अडवायला काही उपाय नव्हता. कुर्ता दोन्ही बाजूंनी भिजला, अ‍ॅप्रनवर गोल डाग उमटले. छाती दगडासारखी झाली होती. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

शेजारच्या टेबलावरच्या शबनम मॅडमनी बघितलं. त्यांना दोन मुलं होती. त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पहिलाच दिवस आहे. घरी जावा. साहेबांना मी सांगते."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते मी पुसलं नाही, कारण हात दुधाचे होते.

"नको," मी म्हणाले. "मागच्या खोलीला कडी आहे ना? मी तिथं जाऊन दूध काढून येते. तोवर नांदणी केंद्राचे नमुने माझ्या टेबलावर ठेवा. ते माझे आहेत."